कपड्यावरचें नांव

पूर्वीच्या काळीं चांगल्या शिंप्याकडे शिवलेल्या कोटाची कॉलर उलटून पाहिली, तर आंतल्या बाजूस मानेपाशीं कापडाची एक लहानशी पट्टी शिवलेली आढळे. तिच्यावर दुकानाचें नांव आणि त्याखालीं गांवाचें नांव असे. परक्याला ती दिसावी असा तिचा हेतु नव्हता. अस्तर फाटलें, कोट अंगाला तंग झाला, किंवा वडिलांचा कोट मुलाच्या मापानें पुनः बेतावयाचा झाला, म्हणजे कोणाच्या दाराशीं जावयाचें एवढेंच ती सांगे. ती एक प्रकारची जबाबदारीची खूण होती. काम चुकलें तर कान कोणाचा धरावयाचा, हें त्या पट्टीवर लिहिलेलें असे.

आज हिंगोली, वसमत किंवा कळमनुरी येथील बाजारपेठेंत तरुण मुलगा जो सदरा विकत घेतो, त्याच्या छातीवर, पाठीवर, बाहीवर, क्वचित् विजारीच्या सबंध लांबीवर मोठ्या अक्षरांत कोणाचें तरी नांव छापलेलें असतें. तें शिवणाऱ्याचें नसतें. बहुधा तें दूर देशांतील एखाद्या कंपनीचें असतें, आणि पुष्कळदां त्या कंपनीच्या परवानगीवांचून, एखादें अक्षर चुकवूनच छापलेलें असतें. नांव आंतून बाहेर कसें आलें, बाहेर आल्यावर तें कोणाच्या मालकीचें झालें, आणि ज्याच्या हातानें टांका पडतो त्याचें नांव या प्रवासांत कोठें गळून पडलें, हा या भाषणाचा विषय आहे. वरवर पाहतां तो पोरकट वाटेल. परंतु पुरुषांच्या पोषाखांत गेल्या चाळीस वर्षांत जी उलथापालथ झाली ती समजून घेतल्यावांचून लहान गांवांतील शिंप्याचें भवितव्य नीटसें उमगणार नाहीं.

आजच्या तरुणाच्या अंगावरील कपडे एकेक करून तपासले, तर त्यांतील बहुतेकांचा उगम क्रीडांगणावर झालेला दिसतो. डोक्यावर ओढून घेण्याचें टोपडें ज्याला जोडलेलें असतें तो जाड सुती सदरा, म्हणजेच हुडी, अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत थंडींत काम करणारे मजूर व सराव करणारे खेळाडू यांच्यासाठीं निघाला. रबरी तळव्याचा कापडी बूट बास्केटबॉलच्या खेळाबरोबर वाढला. कॉन्व्हर्स कंपनीचा त्या खेळाचा प्रसिद्ध बूट १९१७ सालचा आहे. शर्यतीच्या आधीं व नंतर धांवपटूचें अंग गरम राहावें म्हणून घातलेला विजार-जाकिटाचा जोड म्हणजे ट्रॅकसूट. भारतहि या देवघेवींत मागें नव्हता. जोधपूरचे सर प्रतापसिंह १८९७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाच्या वेळीं पोलोचा संघ घेऊन इंग्लंडला गेले. मांड्यांवर सैल आणि पोटरीला घट्ट अशी त्यांची विजार तेथील लोकांना इतकी पसंत पडली कीं, जोधपूर हें शहराचें नांव इंग्रजी भाषेंत एका विजारीचें नांव होऊन बसलें. घोड्यावर मांड ठोकण्याच्या सोयीसाठीं झालेली बेतणी लंडनच्या शिंप्यांच्या दुकानांत शिरली. महाराष्ट्रांतील तालमींचा लंगोट मात्र तालमींतच राहिला; त्याला दरबारचा रस्ता कोणी दाखविला नाहीं.

विकणाऱ्याचें चिन्ह कपड्याच्या बाहेरच्या बाजूस मिरविण्याची रीति रूढ करण्याचा मान बऱ्याच अंशीं रने लाकोस्त या फ्रेंच टेनिसपटूकडे जातो. त्या काळीं टेनिस लांब बाह्यांचा, ताठ कॉलरीचा सदरा घालून खेळत. लाकोस्त यानें आंखूड बाह्यांचा, विणलेल्या सुती कापडाचा, मऊ कॉलरीचा सदरा स्वतःसाठीं करविला. वृत्तपत्रांनीं त्याला मगर हें टोपणनांव दिलें होतें. १९३३ सालीं आंद्रे जिलिए या विणमालाच्या कारखानदाराबरोबर त्यानें कंपनी काढली आणि सदऱ्याच्या छातीवर ती लहानशी मगर आली. या मगरीला निदान एवढा अर्थ होता कीं, जो खेळाडू तो सदरा प्रथम घालून मैदानावर उतरला त्याचीच ती होती. पुढें हजारों चिन्हें आलीं, आणि हा अर्थ हळूहळू विरत गेला.

वडीलधाऱ्या मंडळींस हा सारा वेष उच्छृंखल वाटतो. घरांत बसतांना डोक्यावर टोपडें कशासाठीं, विजार गुडघ्यावर फाटलेलीच विकत कां घ्यावयाची, सदरा दोन मापें मोठा कां, असे प्रश्न सुशिक्षित घरांतूनहि ऐकूं येतात. प्रश्न रास्त आहेत. मात्र ते नवे नाहींत. निजामाच्या राज्यांत हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. १९०३ सालीं ती फौज हिंदी सैन्यांत मिळविण्यांत आली. अशा छावण्यांच्या आसपास कोट, विजार आणि बूट हीं प्रथम दिसूं लागलीं, तेव्हां धोतर-अंगरख्याच्या पिढीनें त्यांना नांवें ठेविलीं. आज तीच विजार कचेरींतील सभ्य वेष समजली जाते. तेव्हां केवळ डोळ्याला खुपतें म्हणून एखादा वेष वाईट ठरत नाहीं. तो कोणी केला, कशासाठीं केला आणि त्याचें मोल कोणाच्या पदरांत पडलें, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे होत.

या प्रश्नांचें उत्तर शोधतांना न्यूयॉर्क शहरांतील हार्लेम या वस्तींत जावें लागतें. ही वस्ती प्रामुख्यानें कृष्णवर्णीय लोकांची. तेथें डॅनियल डे या गृहस्थानें १९८२ सालीं १२५ व्या रस्त्यावर शिवणकामाचें दुकान उघडलें. डॅपर डॅन या नांवानें तो प्रसिद्ध झाला. त्याच्या हाताखालीं आफ्रिकेंतून आलेले शिंपी काम करीत आणि दुकान रात्रंदिवस उघडें असे. गिऱ्हाईक म्हणजे मुष्टियोद्धे, धांवपटू, गाणारे आणि वस्तींतील इतर पैसेवाले लोक. गुची, फेन्डी, लुई व्हित्तों या युरोपांतील श्रीमंती कंपन्यांचीं चिन्हें चामड्यावर छापून तो त्यांचीं जाकिटें शिवी. बेतणी रस्त्यावरची व खेळाडूंची, आणि चिन्हें राजवाड्यांतलीं, असा तो संकर होता. मूळ कंपन्या त्या काळीं असे कपडे करीतच नव्हत्या. तेव्हां डॅपर डॅन नकला करीत होता असें म्हणणें पुरतें खरें नाहीं. परंतु दुसऱ्याचें नांव तो परवानगीवांचून वापरीत होता, हेंहि नाकारतां येत नाहीं. कंपन्यांनीं कायद्याचा आधार घेतला, छापे पडले, आणि १९९२ सालीं दुकान बंद झालें.

कथेचा उत्तरार्ध पंचवीस वर्षांनीं घडला. १९८९ सालीं डॅपर डॅन यानें डायन डिक्सन या ऑलिंपिक धावपटूसाठीं फुगीर बाह्यांचें एक जाकीट केलें होतें. २०१७ सालीं इटलींतील फ्लॉरेन्स येथें गुची कंपनीनें आपले नवे कपडे दाखविले, तेव्हां त्यांत जवळजवळ तसेंच जाकीट, केवळ चिन्ह बदलून, अवतरलें. जिच्या अंगावर मूळ जाकीट चढलें होतें त्या डिक्सनबाईनींच जुनें छायाचित्र पुढें आणून श्रेय डॅपर डॅनचें आहे असें जाहीर केलें. बरीच ओरड झाली. अखेरीस कंपनीनें त्याच वर्षीं त्याच्याशीं सहकार्याचा करार केला आणि २०१८ सालीं हार्लेममध्यें त्याचें शिवणगृह पुनः उघडलें, तेंहि कंपनीच्या कापडासह. ज्यानें नांव घेतलें त्याचें दुकान बंद पडलें. ज्यांनीं आकार घेतला त्यांचें दुकान बंद पडलें नाहीं. कायदा नांवाची चोरी सहज पाहतो, बेतणीची चोरी त्याला फारशी दिसत नाहीं, हा या प्रकरणाचा बोध आहे, आणि तो पुढें कोल्हापूरच्या बाबतींतहि उपयोगी पडणारा आहे.

डॅपर डॅनच्या पुढच्या पिढीनें निराळा मार्ग धरला. दुसऱ्याचें चिन्ह उसनें घेण्यापेक्षां स्वतःचेंच नांव एवढें मोठें छापावयाचें कीं तेंच चिन्ह व्हावें! न्यूयॉर्कमध्यें २००६ सालीं शेन ऑलिव्हर आणि राऊल लोपेझ या दोन तरुणांनीं हुड बाय एअर नांवाची कपड्यांची संस्था काढली. आरंभ साध्या छापील सदऱ्यांनीं झाला. पुढें खेळाडूची जर्सी गुडघ्यापर्यंत लांबविली गेली, जेथें गरज नाहीं तेथें सांखळ्या लागल्या, पुरुषांच्या विजारीवर घागऱ्यासारखा घेर आला. एकदां तर दोन्ही दिशांना चवडे असलेले बूट निघाले. घालणारा पुढें चालला आहे कीं मागें, हें बघणाऱ्यास कळूं नये! पुरुषाचा वेष कोणता आणि स्त्रीचा कोणता, गरीब वस्तींतला कोणता आणि श्रीमंतांचा कोणता, या सीमारेषा मुद्दाम पुसण्याचा तो उद्योग होता. लोकांना डिवचणें हाच त्याचा एक हेतु होता, हें त्या मंडळींनीं लपविलें नाहीं.

गंमत अशी कीं, ज्यांना डिवचावयाचें त्यांनींच या संस्थेचा सत्कार केला. २०१४ सालीं लुई व्हित्तोंच्या मालक-समूहानें तरुण वेषकारांसाठीं पारितोषिक सुरू केलें. पहिल्याच वर्षीं परीक्षकांचें विशेष पारितोषिक हुड बाय एअरला मिळालें. त्याच वर्षीं तसेंच दुसरें विशेष पारितोषिक मुंबईच्या निकिता आणि टीना सूत्रधर या भगिनींच्या मियुनिकू या संस्थेस मिळालें, ही गोष्ट महाराष्ट्रांतील श्रोत्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. २०१५ च्या जानेवारींत पुरुषांच्या पोषाखाच्या फ्लॉरेन्स येथील प्रख्यात मेळ्यांत ऑलिव्हर यांस पाहुणा वेषकार म्हणून बोलावणें आलें. पुढें डिवचण्याची मजल इतकी गेली कीं, २०१६ सालच्या कपड्यांवर अश्लील चित्रफिती दाखविणाऱ्या एका संस्थेचें नांव झळकलें. येथें मात्र वडीलधाऱ्यांच्या नाराजीस आधार मिळतो. बेतणींतील धाडस आणि धक्का देण्याची हौस या दोन भिन्न गोष्टी आहेत. घेरदार विजार शिवण्यास कात्री चालविण्याचें कौशल्य लागतें. ओंगळ नांव छापण्यास केवळ शाई लागते. पहिल्या गोष्टीची आठवण राहते, दुसरीची जागा पुढच्या हंगामांत याहून मोठा धक्का घेतो. २०१७ सालीं या संस्थेचें काम थांबलें. २०२० सालीं पुनरागमनाची घोषणा झाली खरी, परंतु मधल्या काळांत तिच्या बेतणीच्या कल्पना मोठ्या कंपन्यांच्या दुकानांत कधींच जाऊन बसल्या होत्या.

स्वतंत्र वेषकाराचें स्वातंत्र्य असें दुधारी असतें. त्याच्यावर मालक नसतो, म्हणून त्याला नवें कांहीं करून पाहतां येतें. आणि त्याच्यामागें भांडवल नसतें, म्हणून जें नवें सांपडलें तें राखतां येत नाहीं. मोठी कंपनी धोका पत्करीत नाहीं. दुसऱ्यानें पत्करलेला धोका यशस्वी झाला कीं ती तो विकत घेते, नाहीं तर उचलते. क्वचित् एखादा माणूस मात्र त्या वाड्याच्या आंतच जाऊन बसतो. व्हर्जिल अ‍ॅब्लो या कृष्णवर्णीय अमेरिकन गृहस्थाची आई घाना देशांतून आलेली, शिवणकाम करणारी. शिवण तो तिच्याच हाताखालीं शिकला. रस्त्यावरचा पेहराव करून त्यानें नांव मिळविलें आणि २०१८ सालीं लुई व्हित्तोंच्या पुरुष-विभागाचा तो प्रमुख कलाकार झाला. १९९२ सालीं ज्यांच्या चिन्हांवरून हार्लेमचें दुकान बंद पडलें त्यांपैकीं एकाच्या गादीवर शिवणकाम करणाऱ्या स्त्रीचा मुलगा बसला. २०२१ सालीं अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षीं तो मरण पावला.

न्यूयॉर्कची ही हकीकत दूरची वाटेल. परंतु तिचा एक अध्याय महाराष्ट्रांतच घडला आहे. कोल्हापूर ही कुस्तीची आणि पायताणांची नगरी. राजर्षि शाहू महाराजांनीं या दोहोंसहि उत्तेजन दिलें. १९१२ सालचें खासबाग मैदान आजहि त्याची साक्ष देतें. मातींत उतरणारा पैलवान मैदानाबाहेर येतांना ज्या वहाणा पायांत सरकवी त्या रस्त्यावरच्याच पोषाखाचा भाग होत्या. बाभळीची साल आणि हिरडा यांनीं कमावलेलें कातडें, खिळ्यावांचून हातानें घातलेले टांके, दोन बाजूंचे कान, वर चामड्याची बारीक वेणी, असें तें काम. वेणी घालण्याचें नाजूक काम बहुधा घरच्या स्त्रिया करतात. २०१९ सालीं कोल्हापुरी चपलेस भौगोलिक चिन्हाची नोंद मिळाली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रांतील चार, आणि बेळगांव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकांतील चार, अशा आठ जिल्ह्यांतील कारागिरांचा त्या नांवावर हक्क ठरला.

२०२५ सालच्या जून महिन्याच्या २२ तारखेस इटलींतील मिलान शहरांत प्रादा कंपनीनें पुरुषांच्या नव्या पोषाखाचें प्रदर्शन केलें. त्यांत तरुणांच्या पायांत ज्या चामडी वहाणा होत्या त्या पाहून कोल्हापुरांतील पोरांनींहि ओळखलें असतें कीं, ही आपल्या घरची वस्तु. कंपनीनें मात्र त्यांस नुसत्या चामड्याच्या वहाणा म्हटलें. कोल्हापूरचें नांव कोठेंहि नव्हतें. महाराष्ट्रांत संतापाची लाट उसळली. राज्याच्या व्यापारी मंडळानें कंपनीस पत्र लिहिलें आणि जून संपण्यापूर्वींच कंपनीनें भारतीय हस्तकलेवरून प्रेरणा घेतल्याचें मान्य केलें. जुलैमध्यें तिचीं माणसें कोल्हापुरास येऊन कारागिरांना भेटलीं. त्याच महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें या प्रकरणीं दाखल झालेली जनहितयाचिका फेटाळली. ज्यांच्या नांवें नोंद आहे त्यांनीं दाद मागावी, असा तिचा आशय होता. डिसेंबर २०२५ मध्यें महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशीं कंपनीचा करार झाला. दोन्ही राज्यांतील कारागिरांकडून २,००० जोड करवून घ्यावयाचे आणि प्रत्येकाची किंमत सुमारें ८०० युरो, म्हणजे ८०,००० रुपयांहून अधिक ठेवावयाची, असें जाहीर झालें.

या प्रकरणांत कायद्याची एक विलक्षण बाजू आहे. भौगोलिक चिन्हाचा कायदा नांवाचें रक्षण करतो, आकाराचें नव्हे; आणि भारतांतील नोंद भारतापुरती असते. अन्य ठिकाणीं केलेली चप्पल कोणी भारतांत कोल्हापुरी म्हणून विकली तर तो अपराध. परंतु तशीच चप्पल नांव न घेतां मिलानमध्यें चालविली तर हातीं धरण्यासारखें फारसें कांहीं उरत नाहीं. म्हणजे ज्यानें श्रेय देण्यापुरतें नांव घ्यावयास हवें होतें, तो नांव गाळल्यामुळेंच कायद्याच्या कचाट्यांतून सुटतो! तेव्हां येथें उपयोगी पडलें तें न्यायालय नव्हे. लोकांनीं वस्तु ओळखली, तिचें नांव मोठ्यानें घेतलें, आणि त्या नांवापुढें कंपनीस मान तुकवावी लागली. हार्लेममध्यें एका धांवपटूच्या जुन्या छायाचित्रानें जें केलें, तेंच येथें सबंध प्रांताच्या स्मरणशक्तीनें केलें. कोल्हापूरचें नांव टिकलें, कारण तें शेंकडों वर्षें लोकांच्या तोंडीं होतें. ज्या कारागिराचें नांव शेजारच्या गल्लींतहि ठाऊक नाहीं, त्याची बेतणी कोणी उचलली तर ओरडावयाचें कोणीं?

हा प्रश्न हिंगोली जिल्ह्यास विशेष शोभतो. १ मे १९९९ रोजीं परभणींतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यांतील नरसी हें गांव संत नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. म्हणूनच त्याला आज नरसी नामदेव म्हणतात. परंपरेनें त्यांचा जन्म १२७० सालचा. जातीनें व धंद्यानें हें घराणें शिंप्याचें. गज, कात्री, सुई आणि दोरा यांच्या उपमा त्यांनीं भक्तीसाठीं वापरल्या. त्यांचीं पदें पंजाबांत पोहोंचलीं आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहिबांत त्यांतील ६१ समाविष्ट झालीं. नरसीपासून पंजाबांतील घुमानपर्यंत त्यांचें नांव गेलें, कारण प्रत्येक रचनेच्या शेवटीं त्यांनीं आपली नाममुद्रा घातली होती. मालाची खूण मालांतच विणलेली होती. अर्थात् नांवाची उसनवारी तेथेंहि टळली नाहीं. पुढील काळांत नामा हेंच नांव लावणारे अन्य कवि झाले, आणि गाथेंतील कोणते अभंग मूळ नामदेवांचे, हें ठरवितांना अभ्यासकांना आजहि कष्ट पडतात.

परंतु या घराची याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. गंगाखेडची जनाबाई त्या घरांत दळण-कांडण करणारी दासी होती. तिनें अभंग रचले आणि त्यांच्या शेवटीं आपलें नांव, त्या घराशीं असलेल्या आपल्या नात्यासह, नोंदविलें. शिंप्याच्या घरांतील मोलकरणीची रचना धन्याच्या नांवावर जमा झाली नाहीं. तेराव्या-चौदाव्या शतकांतील त्या घरानें जें औदार्य दाखविलें, तें मोलाच्या कापडाचा व्यापार करणाऱ्या आजच्या पेढ्यांना साधत नाहीं. आजच्या महागड्या सदऱ्यावर कंपनीचें नांव असतें, कधीं वेषकाराचें असतें; काजें करणाऱ्या, वेणी घालणाऱ्या हाताचें नांव कोठेंच नसतें.

हिंगोलीच्या शिंप्यासमोर आज दोन संकटें आहेत. तयार कपड्यांनीं त्याचें नवें शिवणकाम नेलें आहे आणि विजारीची लांबी कमी करणें, सांखळी बदलणें, लग्नसराईंत चार सदरे शिवणें एवढ्यावर तो आला आहे. दुसरें संकट असें कीं, त्याचा मुलगा हा धंदा घेण्यास तयार नाहीं. घेतला तरी मोठ्या शहरांतील कारखान्यांत नगावर मजुरी घेऊन तो अनामिक होतो. परंतु याच काळानें एक दारहि उघडलें आहे. तालुक्याच्या गांवचा तरुण मोबाइलवर परदेशांतील वेषाचें चित्र आणतो आणि शिंप्यास म्हणतो, "काका, असें शिवून द्याल का? खांदे मात्र थोडे उतरते ठेवा." हें उतरते खांदे मागणें म्हणजे बेतणीविषयीं मत असणें होय. त्या मुलास छापील नांव नको आहे, आकार हवा आहे. जो शिंपी हंसून त्याची बोळवण करील त्याचें दुकान ओस पडेल. जो गज घेऊन पुढें येईल त्याला नवें गिऱ्हाईक मिळेल. हार्लेमचें दुकान अशाच गिऱ्हाइकांवर उभें राहिलें होतें.

असा एखादा शिंपी किंवा त्याचा मुलगा उद्यां स्वतःची बेतणी काढूं लागला, तर त्यानें डॅपर डॅनची चूक करूं नये. दुसऱ्याचें चिन्ह लावून मिळालेलें गिऱ्हाईक त्या चिन्हाचें असतें, शिंप्याचें नसतें. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखालीं लहान दुकानदारासहि आपलें नांव नोंदवितां येतें. ही नोंद दहा वर्षें चालते व पुढें पुनःपुनः वाढवितां येते. २००० सालच्या आकृतिबंधाच्या कायद्यान्वयें नव्या आकारास किंवा नक्षीस दहा वर्षें व पुढें आणखी पांच वर्षें संरक्षण मिळूं शकतें. अट एवढीच कीं, ती वस्तु जगापुढें मांडण्यापूर्वीं अर्ज केला पाहिजे. आधीं मोबाइलवर मिरवून नंतर कचेरींत जाणाऱ्यास तेथें रिकाम्या हातानें परतावें लागतें.

सुशिक्षित घरांचें कर्तव्यहि या ठिकाणीं आहे. मुलाच्या हुडीवर कोणाचें नांव आहे यावरून घरांत वाद होतो. ती कोणी शिवली हें मात्र कोणी विचारीत नाहीं. खोट्या चिन्हाचा सदरा स्वस्त पडतो असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः त्यांत दोघांचें नुकसान होतें. ज्याचें चिन्ह आहे त्याचें नांव चोरीस जातें, आणि ज्यानें शिवलें त्याला आपलें नांव लपवूनच पोट भरावें लागतें. त्याऐवजीं वर्षांतून दोन कपडे ओळखीच्या शिंप्याकडून, मुलाच्या आवडीच्या बेतणीचे शिवून घेण्यास काय हरकत आहे? मुलाला हवा तो घेर मिळेल, वडिलांना हवी ती मजबुती मिळेल, आणि आंतली शिवण उसवली तर कोणाच्या दाराशीं जावयाचें हेंहि ठाऊक असेल.

पुरुषांचा पोषाख पुढेंहि बदलत राहील. आज जें पाहून डोळे वटारले जातात, तें उद्यां लग्नमंडपांत दिसेल. त्यांत बिघडलें कांहीं नाहीं. मात्र गिऱ्हाइकानें कपडा हातीं घेतांना बाहेरचीं अक्षरें वाचून झाल्यावर एकवार कॉलर उलटून पाहावी. तेथें ती लहानशी पट्टी नसेल तर दुकानदारास तिच्याविषयीं विचारावें. आणि शिंप्यानेंहि, संकोच न धरतां, आपल्या नांवाखालीं आपल्या गांवाचें नांव घालून ती पुनः शिवावी.